खापरखवल्या आणि आपला धोंडा

पावसाच्या आरंभीं बिलोलीच्या एखाद्या शेतांत धामण दिसली कीं धोंडे उचलण्यास आपण मुळींच विलंब लावीत नाहीं. "बिनविषारी होती हो!" असें कोणी वडील मनुष्य मागाहून सांगतो, तोंवर तिचा निकाल लागलेला असतो. नागपंचमीस दूध दाखविणारे आणि एदेन बागेंतील सर्पाची कथा ऐकणारे, दोघेही येथें मात्र एकमतानें वागतात! या रीतीविरुद्ध आम्हीं एक साक्षीदार सह्याद्रीहून बोलाविला आहे.

त्याचें नांव खापरखवल्या. याचें सारें कुळ भारताचें द्वीपकल्प व श्रीलंका यांवांचून जगांत अन्यत्र कोठेंही नाहीं. आपल्या प्रांतांत तो सह्याद्रीच्या ओलसर मातींत राहतो. डोकें निमुळतें, डोळे बारीक, आणि शेपटी आखूड, जणूं तिरपी कापलेली व खापरासारखी खडबडीत. त्या खवल्यांवर माती चिकटून तिचें बूच बनतें. बिळांत शिरतांच मागचें दार आपोआप बंद! गांडुळें हें त्याचें अन्न. तो अंडीं घालीत नाहीं, पिलांनाच जन्म देतो. विष नाहीं, हातीं धरला तरी सहसा चावतही नाहीं. पावसांत वर आला म्हणजे घाटरस्त्यांवर गाड्यांखालीं चिरडतो.

या कुळांतील एक काळी जात शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं प्रथम वर्णिली, व पुण्याच्या सर्पोद्यानाचे श्री. नीलिमकुमार खैरे यांचें नांव तिला दिलें. पिढ्यान्‌पिढ्या पायांखालीं असलेला प्राणी विद्वानांसही इतक्या उशिरां ओळखूं आला. मग आपण एका क्षणांत कोणत्या ज्ञानावर धोंडा फेंकतों?

पालक म्हणतील, "ओळखीत बसलों तर जीव जाईल." परंतु साप पाठलाग करीत नाहीं, धोंडा मारणाराच त्याच्या जवळ जातो. दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जातां तडक सरकारी दवाखाना गांठावा. विषावरील लस तेथेंच मिळावयाची. आपल्याकडील मांडुळाचें दुःख तर निराळेंच. त्याच्या बोथट शेपटीस दुसरें तोंड मानून गुप्तधनाच्या लोभानें त्याची चोरटी विक्री होते, आणि १९७२ चा वन्यजीव कायदा तिला गुन्हा म्हणतो.

आमची सूचना लहान आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांचीं चित्रें प्रत्येक वर्गांत लावावीं, आणि शेजारीं धामण, मांडूळ व हा खापरखवल्याही असावा.