आधी गळती शोधा, मग भाव सांगा

मे महिना लागला की मुंबई-ठाण्यातल्या सोसायट्यांच्या फाटकांवर पत्रकं अडकवलेली दिसू लागतात. लिकेज, वॉटरप्रूफिंग, मोफत पाहणी, दहा वर्षांची गॅरंटी. या गॅरंटीला मी सरळ खोटं म्हणतो. पाणी कुठून येतं हे न बघताच ते दहा वर्षं येणार नाही असं लिहून देणारा माणूस एक तर स्वतः अडाणी असतो, नाही तर समोरच्याला अडाणी समजतो. आणि अशा माणसांच्या हातात आपण आयुष्यभराची कमाई घातलेलं घर देतो.

ओल आलेलं घर दुरुस्त करायला जाणकार माणूस हवाच, याबद्दल माझं दुमत नाही. बाजारातून डबा आणून रविवारी आपणच ब्रश फिरवावा, असं मी कुणाला सांगणार नाही. माझं भांडण आहे ते जाणकार म्हणून दारात उभं राहणाऱ्यांशी. त्यांतले बहुतेक जण केमिकल विकायला येतात. गळती शोधणं हे वेगळं काम आहे. ते त्यांना येत नाही, आणि त्याचे वेगळे पैसे द्यायला आपणही तयार नसतो. सगळा धंदा चौरस फुटावर चालतो. जितकी लादी जास्त फुटेल तितकं बिल मोठं. मग कमी फोडून काम भागेल, हे तो तुम्हाला कशाला सांगेल?

माझ्या मावसबहिणीचं घर चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. हॉलच्या छताला बाथरूमच्या भिंतीलगत ओल आली, प्लास्टर फुगलं, पोपडे पडायला लागले. ठेकेदार आला. स्टुलावर चढून बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं आणि खाली उतरता उतरता म्हणाला, “ताई, वरच्यांचं बाथरूम फोडावं लागेल. केमिकलचे तीन कोट मारू, वर नवीन लादी. विषय संपला.” वरच्या घरात तो गेलासुद्धा नाही. ओल बारा महिने असते की फक्त पावसाळ्यात, हे त्याने विचारलं नाही. वरची माणसं गावाला गेली होती तेव्हा ओल वाळली होती का, हेही विचारलं नाही. वरच्यांना कसंबसं तयार करून बाथरूम फोडलं. सगळं कुटुंब शेजाऱ्यांकडे अंघोळीला जाऊ लागलं. नवी लादी बसली, पैसे चुकते झाले, आणि पुढच्या पावसात डाग होता तिथेच परत आला.

शेवटी कारण शोधलं ते गल्लीतल्या एका म्हाताऱ्या प्लंबरने. त्याने बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवली आणि वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये ओतली. खाली काही आलं नाही. मग तशीच दुसरी बादली त्याने गच्चीवरच्या पावसाच्या पायपात ओतली. डक्टमध्ये टॉर्च मारून बघितलं तर चौथ्या मजल्याच्या खाली पायपाचा सॉकेट तडकलेला, आणि भिंतीवरून निळा ओघळ उतरत होता. पायपाचा तेवढा तुकडा बदलला आणि ओल थांबली. बाथरूम निर्दोष होतं. ते फोडायला लावणाऱ्याला फोन केला तेव्हा त्याने सांगितलं, “गॅरंटी बाथरूमची दिली होती.” ही फसवणूक आहे. तिला दुसरं नाव देऊन मवाळ करायची माझी तयारी नाही.

पाणी जिथे दिसतं तिथेच ते शिरलेलं असतं असं नाही, हे या धंद्यातल्या नवशिक्या पोरालाही ठाऊक असायला हवं. स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी तड्यातून, वायरिंगच्या पायपातून वाट काढत लांब जातं आणि पंख्याच्या हुकातून नाही तर ट्यूबच्या पॉइंटमधून टपकतं. अशा वेळी पहिलं काम त्या पॉइंटची वीज बंद करण्याचं. मी ऐकलेल्या ठेकेदारांपैकी एकानेही ते आपणहून सांगितलं नाही. रंगाचं शेड कार्ड मात्र पहिल्या भेटीतच निघतं.

शोधायला फार मोठी यंत्रं लागतात असंही नाही. फक्त पावसात ओल येत असेल तर संशय गच्चीवर, बाहेरच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीवर, पावसाच्या पायपावर. बारा महिने येत असेल तर नळाची लाइन किंवा सांडपाण्याची. घरातले सगळे नळ बंद असताना मीटर फिरत असेल तर नळाची लाइन फुटली आहे. अंघोळी झाल्यावर ओल वाढत असेल तर ट्रॅप किंवा त्याचा जोड. बाथरूमचा ट्रॅप बंद करून पाणी तुंबवायचं, दोन दिवस तसंच ठेवायचं आणि खालच्या घरात जाऊन बघायचं. या चाचणीला पाणी आणि धीर एवढंच लागतं. भिंतीतला ओलावा मोजायचं मीटर असतं, थर्मल कॅमेराही असतो. ज्याच्याकडे ते आहे आणि ज्याला त्यातलं चित्र वाचता येतं त्याने त्याचे पैसे जरूर घ्यावेत, मी आनंदाने देईन. पण कॅमेरा नुसता दाखवायला आणायचा आणि निदान मात्र घरून निघतानाच ठरवून यायचं, असेही लोक आता फिरू लागले आहेत.

गच्चीचं प्रकरण तर याहून गंभीर आहे. आपल्याकडे गच्ची गळाली की विटांच्या तुकड्यांचा कोबा घालायची पद्धत आहे. पद्धत वाईट नाही. उतार नीट दिला तर पाणी निघून जातं आणि उन्हाचा ताप कमी होतो. पण जुना कोबा उखडायचा म्हणजे मजुरी आली, राबिट उतरवून न्यायचा खर्च आला. म्हणून जुन्यावरच नवा थर चढवतात. चार इंचांचा कोबा चौरस मीटरला साधारण 200 किलो भरतो. दोनशे चौरस मीटरच्या गच्चीवर तो एकदा चढवला की इमारतीच्या डोक्यावर 40 टनांचं ओझं वाढलं. चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या, सळ्या गंजलेल्या इमारतीवर हे ओझं कुणाही स्ट्रक्चरल इंजिनिअरला न विचारता चढवलं जातं, आणि सेक्रेटरी पेढे वाटतात. जुन्या थरात साठलेलं पाणी आत तसंच राहतं. वरून कोरडं दिसलं म्हणून स्लॅब कोरडा झाला असं कुणी मला सांगू नये.

आतून ओलीवर रंग फासणाऱ्यांचंही तेच. काँक्रीट चांगलं असतं तोवर ते इतकं अल्कधर्मी असतं की आतल्या सळीला गंज चढत नाही. पाणी आणि हवा आत शिरत राहिली की हे संरक्षण जातं, आणि समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत ते आणखी लवकर जातं. लोखंडापेक्षा गंजाला कितीतरी जास्त जागा लागते. तो आतून दाब देतो आणि काँक्रीटचा थर तडकून खाली येतो. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर स्लॅबचा तुकडा पडतो तो असा. त्याआधी भिंतीवर पांढरी क्षारांची पावडर दिसते, मग तडा, मग तड्याच्या कडेने तांबूस डाग. या प्रत्येक खुणेवर पुट्टी आणि ‘डॅम्पप्रूफ’ रंग चढवून देणारा माणूस दुरुस्ती करत नाही. तो धोक्याची खूण पुसून टाकतो. कुणी अजाणता हे केलं तर मी समजू शकतो. पण वीस-वीस वर्षं या धंद्यात असलेले लोक हे जाणूनबुजून करतात, आणि त्याचा मला संताप येतो.

मग पैशाची वेळ येते. “बिल पाहिजे का? बिल घेतलं तर 18 टक्के जीएसटी वर लागेल.” हे वाक्य ऐकलं की त्या माणसाला तिथूनच परत पाठवावं. बिल नाही म्हणजे काम केल्याचा पुरावा नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष सेवेविरुद्ध दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर जिल्हा आयोगात शुल्कही लागत नाही. पण हातात कागद हवा. कागदावर काय काम केलं, कुठला माल किती वापरला, चाचणी कधी घेतली, हे हवं. लेटरहेडवर पत्ता नसलेली, फक्त मोबाइल नंबर असलेली गॅरंटी जुलैत फोन बंद लागला की संपते. माल आणि मजुरी रोजच्या रोज द्यावी, मजुराचा पैसा अडवणं पाप आहे. पण ठेकेदाराचा नफा पावसाळा उलटेपर्यंत हातात ठेवावा, आणि तसं कराराच्या कागदावर आधीच लिहून घ्यावं.

नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष कळवला तर तो बिल्डरला 30 दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करून द्यावा लागतो. तरी लोक स्वतःच्या खर्चाने ठेकेदार बोलावतात आणि लाद्या फोडतात. मग बिल्डर म्हणायला मोकळा होतो की तुम्हीच छेडछाड केली. आधी फोटो काढा, लेखी कळवा, पोच घ्या.

जुन्या सोसायट्यांमध्ये वरच्या मजल्यावरच्या सभासदाला “तुमचं छत तुम्ही बघा” असं तोंडावर सांगणारे सेक्रेटरी मी पाहिले आहेत. आदर्श उपविधी याच्या नेमकं उलट सांगतात. गच्ची, बाहेरचे पाइप, आणि गच्चीतून झिरपलेल्या पावसाने खराब झालेलं वरच्या घराचं छत, हे सगळं सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त व्हायचं. संडास-सिंकमधून होणारी गळती त्या त्या घरमालकाने आपल्या खर्चाने थांबवायची, आणि त्यात सोसायटीने मध्यस्थी करायची. बहुतेक कमिट्या मध्यस्थीही करत नाहीत. वरचा दार उघडत नाही, खालचा छताखाली बादल्या लावतो, दोन घरांचं बोलणं तुटतं, आणि कमिटी म्हणते हा तुमचा खासगी मामला आहे.

याच कमिट्या गच्चीच्या कामाला तीन कोटेशनं मागवून सगळ्यात स्वस्त उचलतात. एकाने कोबा उखडायचा धरलेला असतो, दुसऱ्याने नुसता डांबरी मेम्ब्रेन, तिसऱ्याने वरून दोन कोट. तीन वेगळ्या कामांचे भाव एका रांगेत मांडून त्यातला कमी निवडणं म्हणजे सभासदांच्या पैशाची नासाडी.

स्वस्ताची किंमत कोण मोजतं, तेही बघा. बाहेरच्या भिंतीला कोट मारायला माणूस गच्चीवरून दोराने खाली सोडतात. दोर पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधलेला, बसायला लाकडी फळी, बाजूला रंगाची बादली, पायात स्लिपर. कमरेला पट्टा नाही, डोक्याला हेल्मेट नाही. सहाव्या मजल्यावर तो लटकत असतो आणि आपण खिडकीतून त्याला ओरडतो, ग्रिलवर शिंतोडे पडले म्हणून. कोटेशनमध्ये सुरक्षेच्या पट्ट्याची ओळ नव्हती, म्हणूनच ते सगळ्यात कमी होतं.

घरातल्या विजेचं काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावं लागतं. वॉटरप्रूफिंगला मात्र कसलाही परवाना लागत नाही. काल रंगकाम करणारा आज व्हिजिटिंग कार्ड छापून तज्ज्ञ होऊ शकतो. सरकारने यात लक्ष घालावं ही मागणी मी करतोच, पण तोवर थांबायची गरज नाही. 30 वर्षांपेक्षा जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट मुंबईत नोंदणीकृत इंजिनिअरकडून करावंच लागतं, म्हणजे अशा जाणकारांची यादी तयार आहे. माल न विकणाऱ्या अशा माणसाला वेगळी फी देऊन आधी गळती शोधून घ्यायची, त्याच्याकडूनच कामाची यादी आणि मोजमापं घ्यायची, त्या एकाच यादीवर सगळ्यांकडून भाव मागवायचे, आणि त्याच्या लेखी अहवालाशिवाय गच्चीवर एक इंचही कोबा चढवायचा नाही. एवढ्याला सर्वसाधारण सभेचा एक ठराव पुरतो. ती सभा प्रत्येक सोसायटीला 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. यंदाच्या विषयपत्रिकेत हा विषय आला नसेल तर आजच सेक्रेटरीला लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या.