खणणारा एक, पडणारा दुसरा

रुळाखालून कोणाला पाण्याची नळी किंवा केबल न्यायची असेल तर काय करावे लागते, हे रेल्वे कामगाराला सांगायला नको. आधी विभागीय कार्यालयात अर्ज, मग नकाशा, करारनामा, वे-लीव्हचा आकार, देखरेखीचा खर्च. काम चालू असताना गाड्यांना कॉशन ऑर्डर. खडी पुन्हा नीट बसल्याची खात्री झाल्याशिवाय वेग वाढत नाही. याबद्दल रेल्वेला कोणी विकासविरोधी म्हणत नाही. रुळाची जबाबदारी ज्याची, अटी घालण्याचा अधिकार त्याचा. मग शहराच्या रस्त्याला हा न्याय का नाही?

बंगळूरचे उदाहरण घेऊ. तेथे पाण्याचे मंडळ 1964 पासूनचे, विजेची कंपनी 2002 ची, शिवाय गॅसच्या नळ्या आणि टेलिफोन-इंटरनेटच्या खाजगी कंपन्या. रस्ता एकच, खणणारे अनेक. एकाने चर बुजवली की दुसरा कुदळ घेऊन हजर. 2007 साली आजूबाजूच्या नगरपालिका आणि 110 खेडी एकत्र करून बृहत् महापालिका झाली; सप्टेंबर 2025 मध्ये तिच्या जागी पाच महापालिका आणि वर एक प्राधिकरण आले. पाट्या बदलल्या, पण खणलेला रस्ता पूर्ववत झाला की नाही हे कोणी पाहायचे, हा प्रश्न तसाच राहिला. त्याचे उत्तर मिळेपर्यंत पावसाळा येतो, चर खचते, आणि टपालाची पिशवी घेऊन दुचाकीवरून जाणारा आमचा पोस्टमन तिच्यात पडतो.

यावर शहरांच्या हाती दोन साधने असतात. एक, रस्ता वापरू दिल्याबद्दलचा आकार. दुसरे, अनामत किंवा बँक हमी: काम नीट केले नाही तर शहराने ती वटवावी आणि त्या पैशातून रस्ता दुरुस्त करावा. पहिले शहराचे उत्पन्न आहे, दुसरे कंपनीच्या शब्दाचे तारण आहे. चर्चेत या दोहोंची नेहमी गल्लत होते, आणि ती गल्लत कंपन्यांच्या पथ्यावर पडते.

ही कल्पना परदेशी नाही. मुंबईत वीज आणि ट्राम चालवण्याची सवलत 1905 च्या करारनाम्याने कंपनीला मिळाली, तेव्हा पुढे हा उद्योग विकत घेण्याचा हक्क महापालिकेने त्यातच राखून ठेवला. त्या हक्काने 7 ऑगस्ट 1947 रोजी 'बेस्ट' शहराची झाली. करार करणाऱ्यांनी दूरचे पाहिले, म्हणून पुढच्या पिढीला फळ मिळाले.

आज काय आहे? 1885 च्या तार कायद्यात, स्थानिक संस्थेच्या जागेत तारा टाकायच्या तर तिची परवानगी घ्यावी आणि तिला पडणारा खर्च द्यावा, अशी तरतूद होती. त्या काळी तार खाते सरकारचे होते. खांब रोवणारा आणि केबल जोडणारा आपलाच पोस्ट-तार खात्यातला बांधव होता. पुढे खाजगी कंपन्या आल्या. 2016 साली केंद्राने नियम केले. भूमिगत केबलच्या अर्जासाठी किलोमीटरला 1,000 रुपयांपेक्षा जास्त प्रशासकीय आकार घ्यायचा नाही. 60 दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे समजायचे. 1 जानेवारी 2025 पासून नवे नियम लागू झाले, तरी शहराने किती घ्यावे याची मर्यादा दिल्लीच ठरवते. अमेरिकेत केबल टीव्ही कंपन्यांकडून तेथील शहरांना एकूण उत्पन्नाच्या 5 टक्क्यांपर्यंत आकार घेता येतो. मुक्त बाजाराचे माहेरघर जे शहरांना देते, ते आपल्या शहरांना का नाकारावे?

याला उत्तर मिळते की आकार वाढला तर फोनचे बिल वाढेल. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. भारत संचार निगमलाही हाच आकार भरावा लागेल, तेव्हा शहराने मनाला येईल तसे पैसे उकळावेत असे कोणीच म्हणणार नाही. पण बँक हमीचे तसे नाही. जो रस्ता नीट बुजवतो त्याची हमी मुदतीअंती मोकळी होते. भुर्दंड पडतो तो कामचुकार कंपनीला. हमी मागण्याची मुभा 2016 च्या नियमांतही होती. अडचण ती वटवण्याची आहे. किती हमी घेतल्या, किती वटवल्या, किती न पाहताच परत केल्या, हे नागरिकाला सहज दिसेल अशा रीतीने प्रसिद्ध झाले पाहिजे. कपाटात पडून राहिलेली हमी ही हमी नव्हे, कागद आहे.

चांगले काम होऊ शकते, हेही बंगळूरनेच दाखवले आहे. रेसिडेन्सी रोड, विठ्ठल मल्ल्या रोड अशा काही रस्त्यांवर 'टेंडर शुअर' योजनेत पदपथाखाली केबलसाठी आणि नळ्यांसाठी वेगळे मार्ग ठेवले गेले, म्हणजे नव्या केबलसाठी रस्ता फोडायला नको. पण ही सोय शहराच्या मध्यभागी झाली. कामगार राहतो त्या वस्त्यांत कुदळच चालते.

आणि कुदळ चालवणारा कोण? कोणत्याही शहरात रात्री चर खणणाऱ्या टोळीकडे पाहा. उत्तर कर्नाटकातून, आंध्रातून आलेली कुटुंबे. हातमोजे नाहीत, बाजूला जिवंत विजेची केबल, काठावर निजलेले मूल. कंपनी म्हणते काम कंत्राटदाराचे. कंत्राटदार म्हणतो माणसे मुकादमाची. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने मान्य केले. तेच तत्त्व हमीलाही लावा. डांबराचे तारण घेता, मग माणसाचे का नाही?

2019 साली कर्नाटक उच्च न्यायालयाने सांगितले की चांगला रस्ता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे आणि खड्ड्यामुळे इजा झालेल्याला महापालिकेकडे भरपाई मागता येते. उत्तम. पण ती भरपाई करदात्याच्या पैशातून जाते. खणणारा एक, पडणारा दुसरा, भरणारा तिसरा!

म्हणून आमच्या मागण्या:

1. हमीची रक्कम रस्ता दुरुस्तीच्या खऱ्या खर्चाशी जोडावी आणि किमान दोन पावसाळे उलटल्याशिवाय ती परत करू नये.

2. घेतलेल्या, वटवलेल्या व परत केलेल्या हमींचा हिशोब दर तिमाहीला प्रभागवार प्रसिद्ध करावा.

3. चरीत काम करणाऱ्यांची मजुरी, विमा आणि अपघात भरपाई यांचा समावेश त्याच हमीत करावा.

4. आकाराची मर्यादा ठरवताना शहरांचे आणि कामगार संघटनांचे म्हणणे ऐकावे.

शेवटी घरचेही बोलू. केंद्राच्या मालमत्तेला स्थानिक करातून घटनेने सूट दिली आहे. पण पाणी, रस्ते, सफाई यांच्याबद्दल सेवा आकार द्यावा, असे 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे राजकोट महापालिकेच्या प्रकरणात ठरले. आपल्या रेल्वे वसाहती आणि टपाल कचेऱ्या तो वेळेवर भरतात का, हे शाखांनी विचारावे. दुसऱ्याकडे हिशोब मागणाऱ्याची स्वतःची वही उघडी असली पाहिजे.