वॅट विकत घेऊ नका!

परवा वालूरला घरी गेलो तर माझ्या पुतण्याने आल्या आल्या तक्रार केली, "काका, आपल्या स्टिरिओत दम नाही. सोयाबीनचे दहा हजार बाजूला ठेवलेत, मोठा आणतो."

मी म्हटलं, आधी अण्णांना विचार. अण्णा म्हणजे माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर. रोज पहाटे अभंग ऐकणारा माणूस, पण हा सेट आल्यापासून त्यांनी ऐकणंच सोडलं. "नुसती धडधड येते बाबा, शब्दच कळत नाहीत," म्हणाले.

आता बोला! दम कमी आहे की जास्त झालाय?

पुतण्याचाही दोष नाही. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं, "गावाकडं आवाज लागतो, क्वालिटी कोण बघतंय?" या वाक्याचा मला मनापासून राग आहे. ज्या गावात भजनातल्या पखवाजाची शाई कमी पडली तरी म्हातारी माणसं मान हलवतात, त्या गावाला कान नाहीत असं समजून माल विकला जातो. आणि आपणही तो घेतो!

खोक्यावर वॅटचा भलामोठा आकडा असतो आणि त्यापुढे 'पीएमपीओ'. हा आकडा कसा मोजायचा याचा कुठलाच सर्वमान्य नियम नाही. सेटच्या मागची पट्टी वाचा. तिथे वीज किती लागते ते लिहिलेलं असतं, समजा ६० वॅट. साठ वॅट खाऊन सतत हजारो वॅट देणारं यंत्र निघालं असतं तर आपलं लोडशेडिंग कधीच संपलं असतं! विचारायचा आकडा एकच, आरएमएस.

आणि खरे वॅट दुप्पट केले तरी काय होतं? आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दसपट वॅट. उलट ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरऐवजी ८९चा लावला, तर त्याच अॅम्प्लिफायरवर तेवढाच फरक फुकट मिळतो. लग्नाच्या मांडवात वॅट लागतात, कबूल. पण आमची खोली बारा बाय चौदाची आहे हो!

मग त्या दिवशी काय केलं ते सांगतो. एक स्पीकर लोखंडी कपाटावर होता, दुसरा कोपऱ्यात टीव्हीमागे. कोपऱ्यात बेस फुगतो आणि शब्द त्याखाली बुडतात. वय झालं की कानाचा वरचा पट्टा आधी जातो, आणि 'स', 'श' सारखी अक्षरं तिथेच असतात. अण्णांचं दुखणं हे होतं. दोन्ही स्पीकर खाली काढून बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर स्टुलांवर ठेवले, भिंतीपासून दोन फूट पुढे. दोन स्पीकर आणि अण्णांची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण केला.

वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, त्यामुळे खोली घुमत होती. फरशीवर सतरंजी टाकली, मागच्या भिंतीला आईने शिवलेली जाड गोधडी टांगली. वायर पाहिली तर एका स्पीकरची लाल-काळी उलटी जोडलेली! अशा वेळी दोन्ही पडदे एकमेकांविरुद्ध हलतात, खर्ज गळून पडतो, आणि तो भरून काढायला पुतण्याने बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. जुनी तुटकी वायर काढून घरच्या फिटिंगची दीड एमएमची तांब्याची वायर लावली. पाच मीटरला तिचा रोध सव्वादशांश ओहमच्या आत, आठ ओहमच्या स्पीकरला काहीच नाही. हजारोंच्या वायरी कशाला? बेसचं बटण मध्यावर आणलं. एकूण खर्च तीनशेच्या आत.

आमच्या वालूरच्या लोकांनी श्रमदान करून जुन्या बारवांतला गाळ काढला. आधी गाळ काढायचा, मग कमी काय पडतंय ते बघायचं. पाण्याला लागू तेच आवाजाला.

एवढं करूनही पैसे घालायचेच असतील, तर स्पीकरच्या जोडीवर घाला. अॅम्प्लिफायर आहे तो राहू द्या, फक्त त्याला किमान किती ओहम चालतात ते बघा, त्याहून कमीचा स्पीकर जोडू नका. गाणी फोनमधून लावली तरी सुरुवातीला पुरतं. जुनी जोडी मिळाली तर पडद्याच्या कडेचा फोम कुजलाय का ते बोटाने हळूच तपासा. आणि दुकानात त्यांचं धडाडधूम गाणं ऐकू नका, आपलं न्या. भीमसेनांचा एखादा अभंग लावा. गळ्यामागचा तानपुरा वेगळा ऐकू येतो का? पखवाजाचा डावा हात घुमतो की नुसता आदळतो? विक्रेत्याला घाई असेल तर सरळ बाहेर पडा.

असो. दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णांनी स्वतःच अभंग लावला. एक कडवं झाल्यावर पुतण्याला हाक मारून म्हणाले, "ते मागं घे रे जरा, परत ऐकू दे."

पोराचे दहा हजार अजून खिशातच आहेत.