प्रवासवर्णनातून गाळलेली माणसे

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार वर्गात शिकवताना आमच्यापुढे दरवर्षी एक साधा प्रश्न येतो, आणि तो बहुधा एखादी विद्यार्थिनीच विचारते: या पुस्तकांतली माणसे कपडे कधी धुतात? वर्गात हशा पिकतो, तास पुढे सरकतो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. युरोपविषयीच्या आपल्या लेखनात राजवाडे, चर्चे, संग्रहालये आणि नद्यांवरचे पूल यांची रेलचेल आहे. त्यांतून हिंडणारा निवेदक मात्र भूक, थकवा, कंटाळलेले मूल आणि दुखरे गुडघे यांपासून बहुतेक वेळा मुक्त असतो. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत आम्ही दोघे, आमचा सात वर्षांचा मुलगा आणि त्र्याहत्तर वर्षांच्या आई असे चौघे तीन आठवडे युरोपात राहून आलो, तेव्हापासून हा प्रश्न आम्हांला जास्तच छळतो आहे. (आई म्हणजे आमच्यापैकी एकाची आई आणि दुसरीच्या सासूबाई. लेखात त्यांना आईच म्हणू.)

तीन आठवड्यांत आम्ही दोनच गावी राहिलो: जर्मनीत फ्रायबुर्गला एक आठवडा आणि इटलीत बोलोन्याला दोन. तेवढ्याच पैशांत सात देश ‘होतात’, असे नातेवाइकांनी बजावले. देश ‘होणे’ हा वाक्प्रयोग चारधाम ‘होण्या’च्या चालीवर आला असावा. शेन्गेन व्हिसाच्या अर्जासोबत मुक्कामांचा तक्ता जोडावा लागतो. त्यात आम्ही एकामागून एक तारखांपुढे ‘बोलोन्या’ हा एकच शब्द लिहीत गेलो, तेव्हा आमचे आम्हांलाच हसू आले.

अशा प्रवासाला ‘स्लो ट्रॅव्हल’ हे नाव आहे आणि त्या नावाला आता बाजारात भावही आला आहे. १९८६ मध्ये रोममधल्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनल्ड्सचे उपाहारगृह उघडण्यास विरोध झाला, त्यातून कार्लो पेत्रीनी यांची ‘स्लो फूड’ चळवळ वाढली. पुढे १९९९ मध्ये ओर्विएतो, ब्रा, पोझितानो आणि ग्रेवे या चार इटालियन गावांनी ‘चित्तास्लो’ हा मंदगती गावांचा संघ काढला. पन्नास हजारांहून कमी वस्तीच्या गावालाच त्यात प्रवेश असतो. दोन्हींची खूण गोगलगाय. ही गोगलगाय आता महागड्या सहलींच्या जाहिरातींतही दिसते, हा भाग वेगळा. आमच्या बाबतीत मंदगती हे काही स्वीकारलेले तत्त्वज्ञान नव्हते. ती आईंच्या गुडघ्यांनी आणि मुलाच्या लहरीने आमच्यावर लादली होती, आणि पहिले तीन-चार दिवस आम्ही मनातून चिडलेलेच होतो.

फ्रायबुर्गचे म्युन्स्टर हे मोठे चर्च २७ नोव्हेंबर १९४४ च्या बाँबहल्ल्यात आसपासचे जुने गाव जमीनदोस्त होऊनही उभे राहिले, एवढी माहिती घेऊन आम्ही तिथे गेलो होतो. आम्ही मनोरा पाहत होतो. मुलगा प्रवेशमंडपाच्या भिंतीशी खोळंबला होता. त्या भिंतीवर मध्ययुगातली मापे कोरलेली आहेत. पाव केवढा असावा हे दाखवणाऱ्या आकृत्या आहेत, शेजारी १२७० आणि १३१७ अशी साले आहेत. बाजार चर्चच्या भोवती भरे, तेव्हा फसवले गेल्याची शंका आलेल्या गिऱ्हाइकाला माल ताडून पाहायला ही भिंत होती. बाजार आजही तिथेच भरतो. मुलाने आमच्या पिशवीतला पाव काढून त्या आकृतीशी धरला आणि तो लहान भरल्यावर रीतसर तक्रार केली. आम्ही एकटे असतो तर गॉथिक शैलीवर दोन परिच्छेद लिहून पुढे गेलो असतो. चर्चच्या भिंतीने रोजच्या भाकरीचा हिशेब ठेवावा, ही गोष्ट आमच्या नजरेतून निसटली असती.

त्याच आठवड्यात रविवारही आला. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात हे आम्ही वाचले होते. पण ते वाचणे वेगळे आणि सकाळी घरात दुधाचा थेंब नसणे वेगळे. आईंनी बिनदुधाचा चहा घेतला आणि दिवसभर त्याचा उल्लेख टाळला. तो न केलेला उल्लेख फार ऐकू येत होता.

आता प्रश्न परंपरेचा. युरोपीय प्रवासलेखनाचा आदर्श म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, तो ग्योथे ३ सप्टेंबर १७८६ च्या पहाटे कार्ल्सबादहून कोणालाही न सांगता निसटला. इटलीचा त्याचा प्रवास सुरू होतो तो असा, मागे राहिलेल्यांना चुकवून. रोममध्ये तो महिनोन्महिने राहिला हे खरे. पण तिथे पोहोचण्याच्या घाईत बोलोन्याला मनोऱ्यावर चढून आला आणि फ्लॉरेन्स तर त्याने सुमारे तीन तासांत उरकले. आजच्या सहल कंपन्याही याहून जास्त वेळ देतात.

याहून बोलके उदाहरण डिकन्सचे. १८४४ मध्ये तो बायको, पाच मुले, मेहुणी, नोकरचाकर आणि कुत्रा असा सगळा बारदाना एका प्रचंड गाडीत घालून इटलीला गेला आणि जेनोआला बिऱ्हाड करून वर्षभराच्या आसपास राहिला. मंदगती कौटुंबिक प्रवास म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? पण १८४६ मध्ये निघालेल्या ‘पिक्चर्स फ्रॉम इटली’त हे कुटुंब जवळजवळ नाहीच. सुरुवातीला गाडी निघताना ते ओझरते दिसते आणि मग निवेदक एकटाच हिंडू लागतो. उलट, १७९५ मध्ये स्वीडन-नॉर्वेला गेलेल्या मेरी वोलस्टनक्राफ्टबरोबर तिची वर्षाची मुलगी होती. नॉर्वेला जाताना मुलीला दाईजवळ गोथेनबर्गला ठेवावे लागले, आणि त्या ताटातुटीचा ताण तिच्या पत्रांच्या पुस्तकात शेवटपर्यंत जाणवत राहतो. डिकन्सच्या पुस्तकात चित्रे अधिक आहेत. खरेपणा कोणत्या पुस्तकात अधिक आहे याविषयी आमच्या मनात शंका नाही.

मराठीत ‘अपूर्वाई’ टिकली तिचे श्रेय सर्वजण पुलंच्या विनोदाला देतात. तो आहेच. पण हा लेखक दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी गेला होता, तिथे राहिला होता, आणि सुनीताबाई सोबत होत्या, याकडे समीक्षेने पुरेसे पाहिलेले नाही. मीना प्रभु यांच्या ‘माझं लंडन’मधला ‘माझं’ हा शब्दही अनेक वर्षांच्या वास्तव्याने मिळवलेला आहे. राहण्यातून येणारे लेखन आणि बसच्या खिडकीतून येणारे लेखन यांना एकाच ‘प्रवासवर्णन’ या खणात कोंबणे आता पुरे झाले.

बोलोन्याविषयी बोलायचे तर तिथल्या कमानींच्या पडव्यांविषयीच बोलावे लागेल. एकूण लांबी सुमारे ६२ किलोमीटर. २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले. जुन्या विद्यापीठामुळे गावात विद्यार्थी वाढले, खोल्या कमी पडू लागल्या, म्हणून घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे आले आणि त्यांना खांबांचा आधार दिला गेला. १२८८ च्या नगरनियमाने तर नव्या घराला पडवी सक्तीची केली. ती घोडेस्वार जाऊ शकेल इतकी उंच हवी. जमीन घरमालकाची, डागडुजीही त्याचीच, वाट मात्र सर्वांची. हे सगळे आम्ही आईंना एका खांबाशी बसल्या बसल्या वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “म्हणजे प्रत्येकाने आपली ओसरी गावाला दिली. आमच्याकडे ओसरीवरून भावाभावांत दावे चाललेत.”

पावसात आणि उन्हात त्या पडव्यांतून आई रोज थोडे थोडे चालल्या. गावाबाहेरच्या टेकडीवरच्या सान लुका देवळापर्यंत जाणारी पडवी जवळजवळ पावणेचार किलोमीटर आहे, तिला ६६६ कमानी आहेत. मुलगा त्या मोजायला निघाला आणि दर वेळी कुत्रा दिसला की आकडा विसरला. आई मेलोन्चेल्लोच्या कमानीपर्यंत, म्हणजे चढ सुरू होतो तिथपर्यंत गेल्या आणि थांबल्या. दुसऱ्या खेपेलाही तिथेच थांबल्या. आम्हांला वाईट वाटले, त्यांना वाटले की नाही कळले नाही. पण मे महिन्यातल्या एका शनिवारी टेकडीवरची ती मरियमची तसबीर मिरवणुकीने गावात आली. आठवडाभर ती गावातल्या मुख्य चर्चमध्ये असते आणि मग परत जाते. ही प्रथा १४३३ पासूनची: त्या वर्षी पाऊस थांबेना, पिके बुडू लागली, म्हणून तिला खाली आणले. आई म्हणाल्या, “आपण पावसासाठी देव पाण्यात ठेवतो, यांनी पाऊस थांबावा म्हणून देवीला पावसात काढली.” मग किंचित थांबून, “मला वर जाता आलं नाही, तर तीच आली.” मनोऱ्यांवर आमच्यापैकी कोणालाच चढता आले नाही. झुकलेला गारिसेन्दा मनोरा धोक्यात आल्याने २०२३ च्या ऑक्टोबरपासून तो परिसर बंद होता.

इतके लिहून झाल्यावर आम्ही आमच्या प्रवासातल्या टिपणवह्या काढल्या आणि शरमलो. ‘संध्याकाळी घरी आलो. स्वयंपाक झाला. कपडे वाळत पडले.’ मराठी क्रियापदांची ही सोय भयंकर आहे. स्वयंपाक आपोआप होतो, कपडे आपोआप वाळत पडतात, कर्ता कुठेच नसतो. भाड्याच्या त्या घरात डाळ-भात आमच्यापैकी एकीने आणि आईंनी शिजवला. दुसरा त्या वेळात पडव्यांचा इतिहास वाचत होता. डिकन्सला नावे ठेवणे सोपे आहे.

आणि ते घर तरी कोणाचे? मंदगती प्रवाशाला हॉटेल नको असते, त्याला स्वयंपाकघर हवे असते, आणि तेच स्वयंपाकघर त्या गावातल्या विद्यार्थ्याला हवे असते. २०२३ च्या मे महिन्यात न परवडणाऱ्या भाड्यांविरुद्ध इटलीतले विद्यार्थी विद्यापीठांसमोर तंबू ठोकून बसले होते. व्हेनिसने २०२४ मध्ये एका दिवसापुरत्या येणाऱ्यांवर पाच युरोंचे शुल्क बसवले, रात्री मुक्काम करणाऱ्यांना त्यातून वगळले. बार्सिलोनाने त्याच वर्षी जाहीर केले की २०२८ च्या अखेरीपर्यंत पर्यटकांना घरे देण्याचे परवाने बंद करायचे. एक गाव घाईवर कर बसवते, दुसरे ठाण मांडण्यावर. दोघांचीही बाजू आम्हांला पटते आणि म्हणून पुढच्या वेळी कुठे उतरावे हे कळत नाही. आमच्या घराच्या दारावर आतून एक जुने टाइमटेबल चिकटवलेले होते, कोणा विद्यार्थ्याचे असावे. त्याविषयी आम्ही टिपणवहीत काहीच लिहिले नव्हते.

आई मात्र रोज एका छोट्या वहीत हिशेब लिहीत होत्या. दूध, पाव, टोमॅटो, बस, कोणी काय खाल्ले, कोण रडले, गुडघा किती दुखला. तारीखवार एकवीस दिवस, एकही सुट्टी न घेता. पुढच्या सत्रात कपड्यांचा प्रश्न आला की ती वही वर्गात न्यायची असे आम्ही ठरवले आहे. आईंनी परवानगी दिली, पण बोलोन्याच्या दुसऱ्या आठवड्यातली टोमॅटोची बेरीज आधी तपासून घ्यायला सांगितली आहे. तिथे दोन युरो कुठे गेले, ते त्यांना अजून लागलेले नाही.