विश्लेषण : हॉकीपटूंचे ‘बाजारमूल्य’ सर्वेक्षणांना कळते का?

टोक्यो आणि पॅरिस अशा सलग दोन ऑलिम्पिकमध्ये भारतीय पुरुष हॉकी संघाने कांस्यपदक पटकावले. तरीही जाहिरातदारांसाठी दरवर्षी निघणाऱ्या ‘सर्वाधिक मूल्यवान चेहरे’ छापाच्या याद्यांमध्ये हॉकीपटू शोधूनही सापडत नाही. त्यावरून ‘हॉकीपटूला बाजारात मागणी नाही’ असा निष्कर्ष काढला जातो आणि प्रायोजकही तोच प्रमाण मानतात. मात्र या याद्या आणि सर्वेक्षणे नेमके काय मोजतात, त्यांच्या क्रमवारीवर शंका का घेतल्या जातात आणि मोर्शीसारख्या तालुक्याच्या गावातील खेळाडूशी त्याचा काय संबंध, याचा हा आढावा.

या याद्या तयार कशा होतात?

खेळाडूंच्या बाजारमूल्याच्या याद्या ढोबळमानाने तीन पद्धतींनी बनतात. पहिली पद्धत मूल्यांकनाची. ‘क्रोल’ ही संस्था भारतातील नामवंतांचे ‘ब्रँड मूल्य’ काढते, ते प्रामुख्याने त्यांच्या हाती असलेल्या जाहिराती आणि समाजमाध्यमांवरील अनुयायी यांच्या आधारे. तिच्या २०२३ च्या यादीत विराट कोहली २२ कोटी ७९ लाख डॉलरसह पहिला होता.

दुसरी पद्धत जाणकारांच्या समितीची. ‘स्पोर्ट्सप्रो’ या ब्रिटिश नियतकालिकाने २०१० पासून जगातील ५० ‘सर्वाधिक विक्रीयोग्य’ खेळाडूंची यादी काढायला सुरुवात केली. खेळाडूचे वय, त्याची देशांतर्गत बाजारपेठ, व्यक्तिमत्त्वाचे आकर्षण, जाहिराती करण्याची तयारी असे निकष लावून पुढील तीन वर्षांचा अंदाज त्यात बांधला जाई. २०१६ मध्ये कोहली या यादीत तिसरा होता.

तिसरी पद्धत थेट लोकांना विचारण्याची. अमेरिकेत १९६० च्या दशकापासून वापरला जाणारा ‘क्यू स्कोअर’ हे याचे जुने उदाहरण. यात दोनच गोष्टी पाहतात : ही व्यक्ती किती जणांना ठाऊक आहे आणि ठाऊक असणाऱ्यांपैकी किती जणांची ती आवडती आहे.

आणखी एक बाब लक्षात ठेवावी लागते. उत्तर अमेरिकेतील याद्यांमध्ये ‘हॉकी’ असे लिहिलेले असते तेव्हा ती बर्फावरची हॉकी असते. तेथील सिडनी क्रॉस्बीच्या क्रमांकावरून हरमनप्रीत सिंगच्या खेळाबद्दल काहीही ठरत नाही.

मग हॉकीपटू यादीत का नाहीत?

पहिल्या पद्धतीचा दोष तिच्या रचनेतच आहे. ज्याच्याकडे जाहिराती आहेत त्याचे मूल्य जास्त आणि ज्याचे मूल्य जास्त त्यालाच पुढच्या जाहिराती, असे हे चक्र आहे. ज्या खेळाडूला कुणी विचारलेच नाही, त्याला विचारले असते तर माल खपला असता की नाही, हे अशा यादीतून कळत नाही. ती आजवर झालेल्या करारांची नोंद असते. पी. व्ही. सिंधू आणि नीरज चोप्रा यांनी या यादीत जागा मिळवली, यावरून क्रिकेटबाहेरच्या खेळाडूला दार पूर्ण बंद नाही हे दिसते. पण दोघेही वैयक्तिक खेळांतील आहेत. सांघिक पदकाचे श्रेय संघातील सर्वांत वाटले जाते आणि जाहिरातदाराला मात्र एकच चेहरा हवा असतो.

समितीच्या अंदाजाचीही खात्री देता येत नाही. ‘स्पोर्ट्सप्रो’ने २०१५ मध्ये कॅनडाची टेनिसपटू युजिनी बुशार्ड हिला पहिला क्रमांक दिला होता. आदल्या वर्षी ती विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोहोचली होती. पण २०१५ पासूनच तिची कामगिरी घसरली आणि २०१८ मध्ये ती जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरातूनही बाहेर गेली.

लोकांना थेट विचारणे अधिक विश्वासार्ह नाही का?

ते कोणाला विचारले, कुठे विचारले आणि उत्तरे कोणत्या सूत्रात बसवली यावर अवलंबून आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एक हजार लोकांना विचारले. त्यातील ९५० जणांना एक क्रिकेटपटू ठाऊक आहे आणि ३०४ जणांचा तो आवडता आहे. हॉकीपटू फक्त २०० जणांना ठाऊक आहे, पण त्यातल्या ८० जणांचा आवडता आहे. नुसती ओळख मोजली तर क्रिकेटपटू खूपच पुढे. ‘क्यू स्कोअर’ काढला तर क्रिकेटपटूचे ३२ आणि हॉकीपटूचे ४० गुण, म्हणजे हॉकीपटू पुढे. लोक तेच, उत्तरे तीच. सूत्र बदलले आणि क्रम उलटला.

दोन हॉकीपटूंची आपसात तुलना करताना अडचण आणखी वाढते. समजा, त्याच हजार जणांत प्रत्येकी ५० जणांनाच ते ठाऊक आहेत. एकाला आवडता म्हणणारे २०, दुसऱ्याला १६. यादीत पहिल्याचे ४० आणि दुसऱ्याचे ३२ गुण छापले जातील. प्रत्यक्षात फरक चार माणसांचा आहे. पन्नास जणांच्या उत्तरांवर काढलेल्या अशा टक्केवारीत दोन्ही बाजूंना सुमारे १३ टक्के अंकांची चूक संभवते. त्यामुळे पहिला कोण आणि दुसरा कोण हे या आकड्यांवरून सांगताच येत नाही. ‘एक हजार जणांचे सर्वेक्षण’ असे मोठ्या अक्षरात छापले जाते, पण त्या खेळाडूला ओळखणारे किती होते हा आकडा सहसा छापला जात नाही.

नमुना कुठला, हा त्याहून मोठा प्रश्न. ग्राहक सर्वेक्षणांचा भर महानगरांवर आणि इंटरनेटवर सहज उपलब्ध असणाऱ्यांवर असतो. भारतीय हॉकीची माणसे मात्र ओडिशातील सुंदरगड, झारखंडमधील सिमडेगा आणि खुंटी, पंजाबातील जालंधरजवळची संसारपूर-मिठापूरसारखी गावे, कर्नाटकातील कोडगू अशा भागांत आहेत. जिथे हॉकीपटू घराघरांत ठाऊक आहे तिथे सर्वेक्षण पोहोचले नाही, तर त्याचा गुण कमीच येणार.

उलट दिशेनेही चूक होते. हॉकी हा ‘राष्ट्रीय खेळ’ आहे असे पिढ्यान्‌पिढ्या शाळेत शिकवले गेले. प्रत्यक्षात सरकारने कोणत्याही खेळाला असा दर्जा दिलेला नाही, हे केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१२ मध्ये माहिती अधिकारातील उत्तरात स्पष्ट केले. तरीही कुणी विचारले तर ‘हॉकी आवडते’ असे सांगणे अनेकांना कर्तव्य वाटते. तोच माणूस संध्याकाळी सामना पाहत नाही. आदराचे उत्तर आणि खरेदीचे उत्तर यांत अंतर असते.

ऑनलाइन मतदानातून काय दिसले?

मतदानात भारतीय हॉकीपटू जगात पहिले येतात, हेही घडले आहे. राणी रामपालने १ लाख ९९ हजार ४७७ मते मिळवून २०१९ चा ‘वर्ल्ड गेम्स’ सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. पी. आर. श्रीजेशला २०२१ साठी तोच मान १ लाख २७ हजार ६४७ मतांनी मिळाला. पण या लाखांच्या मतांनी हॉकीपटूंना जाहिरातींच्या याद्यांत जागा मिळवून दिली नाही. आपल्या माणसासाठी एक कळ दाबणे फुकट असते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचे सर्व आठही वार्षिक पुरस्कार भारतीय खेळाडूंना आणि भारतीय संघांच्या प्रशिक्षकांना मिळाले. ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलेल्या बेल्जियमच्या हॉकी संघटनेने मतदानाची पद्धतच फसल्याची टीका केली. तेव्हा राष्ट्रीय संघटनांच्या मतांना ५० टक्के, चाहते व खेळाडूंना २५ टक्के आणि माध्यमांना २५ टक्के वजन होते. महासंघाच्या आकडेवारीनुसार आशियातील ३३ पैकी २९ संघटनांनी मतदान केले होते, तर युरोपातील ४२ पैकी फक्त १९ संघटनांनी. पुढील वर्षी पद्धत बदलून तज्ज्ञ समितीला ४० टक्के वजन देण्यात आले. तरीही हरमनप्रीत, श्रीजेश आणि सविता पुनिया यांनी आपापले पुरस्कार राखले. म्हणजे पद्धत सदोष असली की निकाल चुकीचाच असतो, असेही नाही. त्या पद्धतीवरून तो बरोबर की चूक हे ओळखता येत नाही, एवढेच.

लिलावाची बोली हेच खरे मूल्य मानावे का?

‘मतांचे सोडा, पैसा काय म्हणतो ते पाहा’ असा युक्तिवाद केला जातो. सात वर्षांच्या खंडानंतर परतलेल्या हॉकी इंडिया लीगच्या ऑक्टोबर २०२४ मधील लिलावात हरमनप्रीतला ७८ लाखांची सर्वाधिक बोली लागली. पुढच्याच महिन्यात आयपीएलच्या लिलावात ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले. फरक जवळपास ३५ पटींचा.

पण बोली लावणाऱ्यांच्या खिशात किती होते तेही पाहायला हवे. हॉकी लीगमधील पुरुष संघांना खर्चाची मर्यादा ४ कोटींची होती, आयपीएलमध्ये १२० कोटींची. म्हणजे मर्यादेतच ३० पटींचा फरक होता. हरमनप्रीतवर त्याच्या संघाने आपल्या रकमेच्या साडेएकोणीस टक्के खर्च केले, तर पंतवर त्याच्या संघाने साडेबावीस टक्के. महिलांच्या लिलावात उदिता दुहानला ३२ लाख मिळाले. तेथे मर्यादा २ कोटींची, म्हणजे १६ टक्के. हरमनप्रीतला किती मिळू शकतात, याची कमाल रेषा लिलाव सुरू होण्याआधीच आखली गेली होती. लीगचे अर्थकारण लहान आहे हे या आकड्यांतून कळते. खेळाडूच्या आकर्षणाचे माप त्यातून निघत नाही.

महाराष्ट्रासाठी आणखी एक मुद्दा आहे. २०२४-२५ च्या हंगामात आठ पुरुष आणि चार महिला संघांपैकी एकही महाराष्ट्राचा नव्हता. जुन्या लीगमध्ये मुंबईचा संघ होता आणि तो २०१७ च्या अंतिम फेरीतही खेळला होता. घरचा संघच नसेल, तर मराठी खेळाडूची ‘देशांतर्गत बाजारपेठ’ कुठे मोजणार?

मोर्शीतून हे कसे दिसते?

मोर्शी-वरूड पट्ट्यातील संत्रा उत्पादकाला किंमत आणि प्रत यांतला फरक नव्याने सांगावा लागत नाही. आंबिया किंवा मृग बहाराची बाग येथे अनेकदा झाडावरच विकली जाते. व्यापारी फळ पाहून अंदाज बांधतो आणि उक्ता सौदा ठरतो. बांगलादेशने आयातशुल्क वाढवत नेऊन २०२३ मध्ये किलोमागे ८८ टाक्यांपर्यंत पोहोचवले, तेव्हा येथील संत्र्याचे भाव कोसळले. झाडावरचे फळ मात्र तेच होते. त्या वर्षीच्या भावावरून ‘इथला संत्रा हलका’ असे कुणी म्हटले असते, तर ते मोर्शीत कुणालाही पटले नसते. हॉकीपटूच्या यादीतल्या क्रमांकाबाबत मात्र नेमके तेच म्हटले जाते.

शिवाय मोर्शीतील कृषी केंद्र, सराफी पेढी किंवा शिकवणी वर्गाच्या मालकाला देशातील पहिल्या पंचवीस चेहऱ्यांची यादी उपयोगाची नाही. ते चेहरे त्याला परवडणारे नाहीत. त्याचे गिऱ्हाईक मोर्शी, वरूड, चांदूर बाजार या टापूतले. त्यांना कोण ठाऊक आहे आणि कोणाबद्दल आपुलकी आहे, हे कोणतेही राष्ट्रीय सर्वेक्षण विचारत नाही. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४ पासूनची संस्था असलेल्या अमरावती जिल्ह्यात खेळाडूला मान आहे. तो रुपयांत किती उतरतो, हे अजून नीट मोजले गेलेले नाही.

याचा फटका कोणाला बसतो?

अव्वल खेळाडूंना तुलनेने कमी. त्यांना बक्षिसे आणि सरकारी नोकऱ्या मिळतात. राष्ट्रीय संघाचा खर्चही २०१८ पासून ओडिशा सरकारच्या प्रायोजकत्वावर चालतो. हा करार आता २०३६ पर्यंत वाढवण्यात आला आहे. एखाद्या राज्य सरकारने देशाच्या संघाला पाठबळ द्यावे लागणे, हेही खासगी प्रायोजक या याद्यांकडे पाहून बाजूला राहिल्याचेच लक्षण मानता येईल.

खरा फटका खालच्या फळीला बसतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतून आलेले धनराज पिल्ले चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळले. त्यांच्या नेतृत्वाखाली १९९८ मध्ये भारताने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकले. त्या काळातही हॉकीपटूचा आधार होता तो कंपनीच्या किंवा विमानसेवेच्या नोकरीचा. आज जिल्हा पातळीवरील मुलामुलींसमोर रेल्वे, पोलीस आणि राज्य शासनातील पाच टक्के खेळाडू आरक्षण हेच मार्ग आहेत. स्टिक, बूट, कृत्रिम मैदानापर्यंतचा प्रवास यांचा मधल्या वर्षांतील खर्च स्थानिक प्रायोजकाने उचलावा, अशी अपेक्षा असते. तिथे ‘हॉकीला कोण विचारतो’ हे वाक्य यादीचा दाखला देऊन ऐकवले जाते.

यादी वाचताना काय पाहावे?

पाच प्रश्न पुरेसे आहेत. किती जणांना विचारले आणि त्यातील किती जण त्या खेळाडूला ओळखत होते? कोणत्या गावांत आणि कोणत्या भाषेत विचारले? ओळख मोजली, आवड मोजली की आधीचे करार? लगतच्या दोन क्रमांकांतील फरक संभाव्य चुकीपेक्षा मोठा आहे का? आणि यादी काढणारी संस्था जाहिरातदारांना सल्लाही विकते का?

याची उत्तरे यादीसोबत नसतील, तर क्रमांक बातमीपुरता ठीक. क्रिकेट आणि हॉकी यांच्यातील दरी खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्या दरीचे माप म्हणून छापला जाणारा आकडा कच्चा आहे. त्याच्या भरवशावर एखाद्या मुलीची स्टिक नाकारणे प्रायोजकाच्या हिशेबानेही चुकीचे ठरू शकते, कारण तिचे नाव गावात किती जणांना ठाऊक आहे हे त्याने अद्याप कुणाला विचारलेलेच नसते.