मागची गाडी

आमच्या चिंचवडच्या घरामागे गेली कित्येक वर्षे एक लष्करी ट्रेलर उभा आहे. उभा म्हणजे खरे तर बसलेला, कारण त्याच्या चाकांतली हवा केव्हाच गेली होती. दोन चाके, पत्र्याची एक चौकोनी पेटी आणि पुढे लोखंडी कडे असलेली दांडी, एवढाच त्याचा संसार. आमच्या सौ.ने त्यात माती भरून झेंडू लावला होता. पेटीच्या तळाला पाणी सोडायची दोन बुचे असल्यामुळे कुंडी म्हणून तो फारच सोयीचा होता. दसरा-दिवाळीला तोरणापुरती फुले निघत, आणि याहून जास्त अपेक्षा त्याच्याकडून कोणी करीत नसे.

यंदा चिरंजीवांनी नवी थार घेतली आणि झेंडूवर संक्रांत आली.

"बाबा, हा ट्रेलर गाडीला लावू. तंबू, भांडी, अंथरुणं सगळं मागे टाकायचं आणि दिवाळीच्या सुट्टीत कोकणात उतरायचं!"

नातवंडांचे त्यात कोणी बसायचे यावरून लगेच भांडण जुंपले. त्यात कोणीच बसायचे नसते, हे त्यांना पटवण्यात पहिला दिवस गेला.

हा ट्रेलर माझ्या मामांचा. महाळुंग्याजवळ त्यांची शेती होती. लष्करी मालाच्या लिलावात त्यांनी तो घेतला आणि जुन्या जीपला जोडून वर्षानुवर्षे चाकणच्या बाजारात कांदा नेला. पुढे जमीन एमआयडीसीत गेली, जीप विकली गेली, मामाही गेले. त्या शेतातली म्हणून हीच एक वस्तू आमच्याकडे राहिली. चिरंजीव चाकणलाच एका कारखान्यात नोकरीला आहेत. कांद्याच्या वाफ्यांच्या जागेवरूनच त्यांची बस रोज जाते. तेव्हा ट्रेलर पुन्हा चालावा असे त्यांच्याइतकेच मलाही वाटत होते. फक्त मी ते बोलून दाखवले नाही.

या ट्रेलरच्या घराण्याची हकिगत मोठी मजेची आहे. १९४० साली अमेरिकेतल्या बटलर गावच्या बॅन्टम कंपनीने तिथल्या सैन्यासाठी पहिली जीप तयार केली. पण कंपनी पडली लहान. मोठमोठ्या मागण्या विलिज आणि फोर्ड यांच्याकडे गेल्या आणि बॅन्टमच्या वाट्याला जीपमागे जोडायचे ट्रेलर आले. जिने जीप जन्माला घातली, तिने उरलेले युद्ध जीपमागच्या गाड्या करण्यात घालवले! ट्रेलर पाव टनाचा, म्हणजे ५०० पौंड ओझ्याचा. पेटी अशी घट्ट की नदीनाल्यात तरंगावी. आमच्या झेंडूच्या कामी आलेली बुचे ती हीच.

आपल्याकडे १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली. २०२० साली आलेली नवी थार त्याच वंशातली. तेव्हा आजोबांचे बिऱ्हाड नातवाच्या पाठीशी सहज बांधता येईल, असा माझा समज होता. तो भोसरीला फिटला.

भोसरीच्या एका शेडमध्ये आमच्या ओळखीचे एक वेल्डिंगचे मिस्त्री आहेत. टेम्पोत घालून ट्रेलर तिथे नेला. चिरंजीव रुंद टायर आणि चकचकीत चाकांविषयी बोलत होते. मिस्त्रींनी सगळे ऐकून घेतले आणि हातोडी उचलली. पुढच्या दांडीवर ती टण् टण् वाजवीत ते कड्यापाशी आले आणि तिथे आवाज बदलला. टण् ऐवजी नुसतेच 'थड्'. त्यांनी हिरव्या रंगाची पुटे खरवडली. खाली बोटभर लांबीचा तडा होता, आणि त्यावर कधीकाळी कोणीतरी वरवर दिलेला वेल्डिंगचा डाग.

"काका, कांदा नेताना सावकाश चालले, म्हणून हे टिकले. घाटात नाही टिकणार."

मी म्हणालो, "नशीब! आमची मुले पुढच्या गाडीत असणार होती."

मिस्त्री हसले नाहीत. "सुटलेला ट्रेलर आपल्या पोरांना लागत नाही, काका. मागून येणाऱ्याच्या पोरांना लागतो."

यानंतर चकचकीत चाकांचा विषय कोणी काढला नाही.

मग खरे काम सुरू झाले. सडलेली दांडी काढून त्याच मापाची नवी घातली. कड्यासाठी थारला जो आकडा बसवायचा तो बंपरला नव्हे, चेसिसला. शिवाय दोन साखळ्या, दांडीखालून फुलीसारख्या. आकडा दगा देईल तर दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडावी म्हणून. थार पडली उंच, तेव्हा ट्रेलर सपाट उभा राहील असा आकडा खाली घ्यावा लागला.

दिवे लावले तर समईसारखे मिणमिणले. बल्ब लष्करी, २४ व्होल्टचे, आणि थारची बॅटरी १२ची. ते सगळे बदलले. चाकांचे वेगळेच. जुन्या जीपच्या दोन चाकांतले अंतर ४९ इंच, थारचे सुमारे ६०. चिखलात ट्रेलरची चाके थारने पाडलेल्या चाकोरीत न बसता आतल्या बाजूने नवी वाट काढणार. म्हणजे गाडीला दोन वाटांचे कष्ट. पण रुंदी बदलायची नाही असे ठरले. त्याचे कारण पुढे येईल.

ओझे कसे भरावे हेही मिस्त्रींनी शिकवले. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या कड्यावर यावा. जड सामान मागे टाकले की कडे हलके होते, वेगात ट्रेलर डोलू लागतो आणि पुढच्या गाडीलाही डोलवतो. आमच्या भरल्या ट्रेलरचा हिशेब पन्नास किलोच्या आतबाहेर आला. तो पाहायला घरचा वजनकाटा विटांवर ठेवून त्यावर कडे टेकवले. सौ.चे म्हणणे, त्या दिवसापासून काटा तिचे वजन जास्त दाखवतो.

या ट्रेलरला चालताना लागणारा ब्रेक नाही, फक्त उभा करताना ओढायचा हातब्रेक. पुढची गाडी थांबते तेव्हा मागची तिला ढकलते. युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरला ओझ्यासकट ७५० किलोची मर्यादा आहे. आमचा त्याच्या पुष्कळ आत बसतो, तरी उतारावर खालचा गियर आणि पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर, असे घरात ठरले आहे.

आता कागद. ज्याला इंजिन नाही त्याला कसली आली नोंदणी, असे मला वाटे. पण १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याची नोंदणी लागते, आणि नोंदणीच्या पुस्तकात लिहिलेले रूप मनाला येईल तसे बदलता येत नाही. म्हणून रुंदीला हात लावला नाही. नव्या जातीच्या वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्था आपल्या अंगणातच आहेत, पुण्यात एआरएआय आणि भोसरीला सीआयआरटी. तिथून रीतसर निघालेल्या वाहनाला जे नियम, तेच मामांच्या ट्रेलरला. सुदैवाने मामांच्या पत्र्याच्या पेटीत लिलावाची पावती आणि नोंदणीचे पुस्तक, दोन्ही सापडले. नाव बदलणे आणि नूतनीकरण यांसाठी चिरंजीव सध्या आरटीओच्या फेऱ्या घालीत आहेत.

तोवर एका स्नेह्यांच्या कुंपणातल्या मोकळ्या जागेत सराव चालतो. मागे घेताना ट्रेलर सुकाणूच्या उलट दिशेला वळतो. युक्ती अशी की हात सुकाणूच्या तळाशी धरावा आणि ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे हात न्यावा. पहिल्या दिवशी चिरंजीवांनी एक बाभूळ जवळजवळ आडवी केली. "कागद झाल्याशिवाय आणि हात बसल्याशिवाय घाट नाही, बाबा," हे त्यांनी आपणहूनच सांगितले. ते ऐकून मला मामा आठवले. बाजाराला निघताना ते दर खेपेला खाली उतरून कडे हाताने हलवून पाहत. त्या वयात मला तो वेळेचा अपव्यय वाटे.

तेव्हा यंदा कोकण नाही. झेंडू कुंड्यांत गेला आहे, आणि ट्रेलर हवा भरलेल्या चाकांवर दारात उभा आहे. कायद्याप्रमाणे त्याचा स्वतःचा नंबर बाजूला लिहायचा असतो आणि पाठीवर ओढणाऱ्या गाडीचा. मागून येणाऱ्याला कळावे की हे ओझे कोणाचे. पाठीवरची पाटी अजून कोरी आहे. नरकचतुर्दशीला सौ.ने तिच्यावर झेंडूची माळ घातली. मी जाता जाता कडे हलवून पाहिले. घट्ट होते.