उद्याची मोलाची तबकडी मंडपवाल्याच्या पेटीत

बीटल्सच्या ज्या तबकड्यांसाठी जगभरचे संग्राहक आज मोठ्या रकमा मोजतात, त्यातल्या काही कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात छापलेल्या आहेत. इंग्लंडात ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी १९६०च्या सुमारास बंद झाली. आपल्याकडे मात्र हजारो गावांत वीज नव्हती, घरात चावीचा फोनो होता आणि त्या फोनोला ७८ फेऱ्यांचीच तबकडी लागायची. म्हणून ग्रामोफोन कंपनीने बीटल्सची गाणीसुद्धा त्या जड, ठिसूळ तबकडीवर काढली. शहरातल्या हौशी माणसाने त्याच गाण्यांची एलपी घेतली आणि जपली. ७८च्या मुळात थोड्या निघाल्या, त्यातल्या बऱ्याच फुटल्या. आज संग्राहक धावतात ते त्या उरलेल्यांच्या मागे.

पुण्याच्या जुन्या बाजारात मी वर्षानुवर्षं जाते. तिथे हल्ली पंचविशीतली मुलंमुली भेटतात, रेकॉर्डच्या गठ्ठ्यासमोर उकिडवी बसून एकेक जॅकेट उलटं करून वाचत असतात. थोडी ओळख झाली की विचारतात, "काकू, पुढे कशाला भाव येईल?" माझं मत ठाम आहे. जी तबकडी आज सगळेच जपून ठेवतायत, तिला उद्या विशेष भाव येणार नाही. जी वाजवून वाजवून संपली आणि जी कोणाला जपावीशी वाटली नाही, ती उद्या शोधली जाईल. आणि आपल्या महाराष्ट्रात ती तबकडी बहुतेक वेळा शास्त्रीय संगीताची नसून लग्नाच्या मांडवात वाजलेली असेल.

आधी नव्या तबकड्यांबद्दल बोलते. अमेरिकेत २०२२ साली सुमारे ४ कोटी १० लाख विनाइल तबकड्या विकल्या गेल्या आणि ३ कोटी ३० लाख सीडी. १९८७ नंतर प्रथमच तबकडीने सीडीला मागे टाकलं. त्याच वर्षी टेलर स्विफ्टचा 'मिडनाइट्स' चार वेगवेगळ्या जॅकेटांत निघाला. चारही जॅकेटांच्या मागच्या बाजू जुळवल्या की घड्याळ तयार व्हायचं. चाहत्यांनी चारही घेतली. आणि २०२३च्या लुमिनेट कंपनीच्या अहवालात असं दिसलं, की अमेरिकेत विनाइल घेणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांकडेच रेकॉर्ड प्लेअर आहे. म्हणजे उरलेल्यांच्या घरातल्या तबकड्यांना सुई लागतच नाही. पोस्टाची 'फर्स्ट डे कव्हर' आपल्या घराघरांत जशी प्लास्टिकच्या पिशवीत जपली गेली आणि म्हणूनच आज त्यातल्या बहुतेकांना कोणी विचारत नाही, तसंच या मर्यादित, रंगीत, क्रमांकित आवृत्त्यांचं होईल. आपल्याकडेही जुन्या चित्रपटांच्या तबकड्या पुन्हा निघतायत आणि २०२४मध्ये मुंबई परिसरात तबकड्या छापणारा नवा कारखाना सुरू झाला. मला याचा मनापासून आनंद आहे. गाणं आवडतं म्हणून जरूर घ्या, रोज लावा. पण नातवंडांसाठी ठेव म्हणून घेत असाल तर ते पैसे बँकेत टाका.

मग भाव येतो कशाला? चरणजित सिंग यांची गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. मुंबईच्या चित्रपट संगीतातले ते वादक. १९८२ साली त्यांनी एचएमव्हीसाठी एक एलपी केली. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग, तेही रोलंड कंपनीच्या तीन यंत्रांवर, डिस्कोच्या ठेक्यात. तेव्हा त्या तबकडीकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. रागदारी ऐकणाऱ्याला ती पोरकट वाटली असणार आणि डिस्को ऐकणाऱ्याला कोरडी. पाच वर्षांनी, १९८७मध्ये, अमेरिकेतल्या शिकागो शहरात त्याच जातीच्या यंत्रावर काही तरुणांनी एक तबकडी केली आणि त्यातून 'ॲसिड हाऊस' नावाचा नाचाच्या संगीताचा प्रवाह उभा राहिला, युरोपभर पसरला. त्या संगीतावर वाढलेल्या एका डच संग्राहकाला २००२ साली दिल्लीत चरणजित सिंग यांची एलपी सापडली. त्याला ऐकू आलं ते १९८२च्या श्रोत्याला ऐकू येणं शक्यच नव्हतं. २०१०मध्ये त्याने ती पुन्हा छापली, सत्तरीतले चरणजित सिंग युरोपात जाऊन हजारो तरुणांसमोर ती वाजवून आले आणि २०१५मध्ये वारले. मूळ एचएमव्ही छापाची प्रत आज सहजासहजी मिळत नाही.

त्याच १९८२ साली कोलकात्याच्या रूपा विश्वास यांची 'डिस्को जॅझ' निघाली. कॅनडात ध्वनिमुद्रित झालेली, सरोदवादक आशिष खाँ यांचा हात असलेली ही तबकडीसुद्धा विस्मरणात गेली आणि २०१९ साली अमेरिकेत पुन्हा छापली गेली. दोन्ही वेळा तबकडी तीच राहिली, बदलला तो ऐकणारा कान. म्हणून अंदाज बांधायचा तर तबकडीकडे कमी बघावं आणि पंचवीस-तीस वर्षांनी तिच्यासमोर कोण बसलेलं असेल त्याच्याकडे जास्त.

महाराष्ट्रात कोण बसलेलं असेल? मला तो माणूस दिसतो. आई-वडील गिरणीत, कारखान्यात, ऊसतोडीवर राबलेले. स्वतः शिकून पुण्यात, बेंगळुरूत किंवा परदेशात चांगला पगार मिळवणारा. आणि आपल्या आजोबांच्या वस्तीत लाउडस्पीकरवर काय वाजत होतं ते शोधणारा. त्याला भीमसेन जोशींची एलपी सहज मिळेल, कारण ती आपल्या मध्यमवर्गीय घरांनी काचेच्या कपाटात, आतल्या पातळ कागदासकट जपली आहे. 'गीतरामायण'ही मिळेल. दोन्ही माझ्या जिवाभावाच्या आहेत, पण त्यांचं दुर्भिक्ष होणार नाही. प्रल्हाद शिंदे यांची स्वच्छ वाजणारी ईपी मात्र त्याला मिळता मिळणार नाही.

हे मी पुस्तकं वाचून सांगत नाही. माझ्या वडिलांची कराडजवळच्या गावात साउंड सर्व्हिस होती. आहुजाचा ॲम्प्लिफायर, दोन भोंगे, एक रेकॉर्ड प्लेअर, वीज नसेल तिथे ट्रॅक्टरची बॅटरी आणि तबकड्यांची पत्र्याची पेटी. हळद, लग्न, बारसं, जत्रा, गणपती, चौदा एप्रिलची मिरवणूक, सगळीकडे ही पेटी जायची. मांडवात पोरं नाचली की जमीन हादरायची आणि सुई उडायची, म्हणून वडील सुईच्या दांडीवर चार आण्यांचं नाणं ठेवायचे. सगळेच साउंडवाले ठेवायचे. त्या नाण्याच्या वजनाने गाणं उडत नसे, पण तबकडीच्या रेघा खरवडून निघत. शिवाय धूळ, भंडारा, गुलाल. ईपीचं कागदी जॅकेट पहिल्याच लग्नसराईत फाटायचं, मग तबकड्या एकमेकींवर घासत पेटीत पडायच्या. 'सोंगाड्या', 'पिंजरा', 'पांडू हवालदार'ची गाणी, शाहीर साबळे, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी आणि कव्वाल्या, कोळीगीतं, भीमगीतं: लोकांनी ज्यावर जीव ओवाळून टाकला, नेमक्या त्याच तबकड्या सगळ्यात जास्त झिजल्या. कॅसेट आल्यावर वडिलांनी डेक घेतला आणि पेटी पत्र्याच्या छपराखाली माळ्यावर गेली. उन्हाळ्यात तिथे हात लावता येत नसे. उरलेल्या तबकड्या वाकल्या. गावोगावच्या साउंडवाल्यांच्या पेट्यांचं हेच झालं आहे.

या विषयातल्या अनेक जाणत्या संग्राहकांचा आणि माझा इथे मतभेद आहे. ते म्हणतात, हजारोंनी विकलेली गाणी दुर्मीळ कशी होतील? मी म्हणते, हजारोंनी विकली हे खरं, पण घराघरांतून वाजली तितकी कपाटात ठेवली गेली नाहीत. अमेरिकेतल्या ब्लूजचं असंच झालं. विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्या बनवणाऱ्या एका कंपनीने काढलेल्या पॅरामाउंट तबकड्या काळ्या श्रमिकांनी विकत घेतल्या आणि वाजवून झिजवल्या. कोणत्याही संस्थेला त्या जपाव्याशा वाटल्या नाहीत. टॉमी जॉन्सन यांच्या अशाच एका तबकडीला २०१३ साली ३७,१०० डॉलर मिळाले. जपणाऱ्यांनी ज्यांना आपलं मानलं नाही, त्यांचं संगीत सर्वांत आधी नाहीसं होतं आणि सर्वांत उशिरा शोधलं जातं. आपल्याकडे तो शोध सुरू झालाय. लोककलेवर आणि आंबेडकरी जलशांवर प्रबंध लिहिणारी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना गाण्याचा यूट्यूबवरचा आवाज पुरत नाही. लेबलवर गीतकाराचं नाव कसं छापलंय, दुसऱ्या बाजूला कोणतं गाणं होतं, साथीला कोण, हे त्यांना हवं असतं. ते तबकडीवरच सापडतं.

गोव्याने ही वाट आधीच दाखवली आहे. क्रिस पेरी आणि लॉर्ना यांच्या कोंकणी तबकड्या आखातात, इंग्लंडात, कॅनडात गेलेले गोंयकार कधीपासून शोधतायत आणि त्याच गाण्यांवर पुढे 'नाचूं-या कुंपासार' हा चित्रपट उभा राहिला. सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांची १९७०ची 'रागा रॉक' आता युरोपातल्या जॅझवेड्यांनाही हवी असते. मुंबईच्या चित्रपटांतल्या वाद्यवृंदांमध्ये बसणाऱ्या गोव्याच्या वादकांनी स्वतःच्या नावावर जे थोडंफार काढलं, त्यातली प्रत्येक तबकडी मी डोळे मिटून घेईन.

आणखी दोन ठिकाणी लक्ष ठेवा. एक, जाहिरातीसाठी काढलेल्या तबकड्या. सिमला सिगारेटच्या जाहिरातीखातर १९७० आणि १९७१ साली देशभरच्या हौशी बँडची स्पर्धा झाली, तिच्या एलपी निघाल्या. आज त्या परदेशात नावाजलेल्या आहेत. कंपन्यांनी भेट म्हणून वाटलेली, बाजारात न आलेली तबकडी दिसली तर जॅकेट नसलं तरी उचला. दुसरं, १९८८ ते १९९३च्या आसपासची शेवटची एलपी. तोवर कॅसेटने बाजार काबीज केला होता, तबकड्या मोजक्याच छापल्या जात होत्या. त्या वर्षांची गाणी आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांच्या तरुणपणाची आहेत आणि पैसेही आता त्यांच्याच हातात आहेत.

७८च्या तबकड्यांसाठी आपल्याकडे खूप मोठं काम झालं आहे. मुंबईत १९९०मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ने बैठका घेतल्या, 'द रेकॉर्ड न्यूज' काढलं, गायकांच्या सूची केल्या. बालगंधर्वांची कोणती तबकडी कधीची, हे आज सांगता येतं ते अशा लोकांमुळे. तितक्याच आस्थेने ४५ फेऱ्यांच्या मराठी ईपीची सूची व्हायला हवी आणि ती आताच व्हायला हवी, कारण साउंड सर्व्हिस चालवणारी पिढी आता पंच्याहत्तर-ऐंशीची आहे. पेटी कोणाची, कोणत्या गावात काय मागितलं जायचं, कोणती तबकडी पुन्हा पुन्हा विकत आणावी लागायची, हे तेच सांगू शकतात.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. अशी शतक ओलांडलेली वाचनालयं आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, पुस्तकं जपण्याचा अनुभव त्यांच्याजवळ आहे. प्रत्येकाने एक कपाट तबकड्यांना द्यावं आणि तालुक्यातल्या साउंडवाल्यांना तसं पत्र पाठवावं, एवढीच माझी मागणी आहे. तबकड्या उभ्या ठेवायच्या, आडव्या रचायच्या नाहीत; ऊन आणि ओल दोन्हींपासून लांब; चरे पडलेली असली तरी नाकारायची नाही, कारण तिचं लेबल तरी वाचता येतं. लेबलवर जांभळ्या शाईत 'अमुक साउंड सर्व्हिस, मुक्काम पोस्ट तमुक' असा शिक्का असेल तर तो पुसायचा नाही, सूचीत जसाच्या तसा उतरवून घ्यायचा. आज दुकानदार त्या शिक्क्यामुळे भाव पाडतात. पुढचा संग्राहक त्याचेच जास्त पैसे देईल, असा माझा अंदाज आहे.